रूट असूनही फाइल हलेना? परमिशन बघून झाली असेल तर आता अ‍ॅट्रिब्यूट बघा

लक्षणं अशी. तुम्ही लिनक्स मशीनवर रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूझर, आहात. ‘एलएस -एल’ मारलं तर फाइल रूटच्याच नावावर दिसते, परमिशन ६४४ (मालकाला वाचता-लिहिता येतं, बाकीच्यांना नुसतं वाचता), सगळं रीतसर. तरी फाइल सेव्ह होत नाही, डिलीट होत नाही, तिचं नावही बदलत नाही. सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारायला जावं तर तेसुद्धा नाकारलं जातं. मशीन रीस्टार्ट करून काडीचा फरक पडत नाही. मग कुणीतरी सांगितलं म्हणून एक कमांड चालवता, काम होतं, हुश्श म्हणता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच फाइल पुन्हा कुलूपबंद.

हा फोन मला वर्षातून पाच-सहा वेळा तरी येतो, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय. कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करा.

मागच्या पावसाळ्यातला फोन नमुन्यादाखल सांगतो. एका ट्रान्सपोर्ट कंपनीचं ऑफिस, कोपऱ्यातल्या खोलीत एक लिनक्स सर्व्हर, आणि तो सांभाळायला नुकताच लागलेला एक मुलगा. ऑफिसने ब्रॉडबँड बदललं आणि त्या दिवसापासून सर्व्हरवरून मेल जाईनात. आयपी पत्त्याला पिंग जातोय, नावाला जात नाही. म्हणजे डीएनएस, नावावरून आयपी पत्ता शोधून देणारी व्यवस्था. ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरातली रिझॉल्व्ह-कॉन्फ (कुठल्या डीएनएस सर्व्हरला विचारायचं ते सांगणारी फाइल) उघडली तर आत जुन्या ब्रॉडबँडवाल्याचे डीएनएस सर्व्हर, आणि ते फक्त स्वतःच्या गिऱ्हाइकांना उत्तर देणारे. दोन ओळी बदलायचं काम. पठ्ठ्याने नॅनो एडिटरमध्ये बदलल्या, सेव्ह करायला गेला, तर खाली ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’.

“दादा, मी रूटनेच लॉगिन केलंय.”

“एलएस -एल काय दाखवतंय?”

“मालकाला आर-डब्ल्यू, बाकी दोघांना नुसतं आर. मालक रूट, ग्रुप रूट. मी ७७७ पण देऊन बघितलं.”

“मग?”

“देऊच देत नाहीये. ऑपरेशन नॉट परमिटेड.”

“फाइल उडवून बघितलीस का?”

जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, “बघितली. आरएम -एफ. तेच उत्तर.”

सीएचमॉड (परमिशन बदलणं), सीएचओन (मालक बदलणं), आरएम (पुसणं), एमव्ही (नाव बदलणं) अशा चारही दारांवर त्याने धडका मारल्या होत्या आणि प्रत्येक दारावर तीच पाटी. निदान तिथेच झालं होतं, त्याने पाटी वाचली नव्हती इतकंच.

पाटीवरची अक्षरं

‘परमिशन डिनाइड’ आणि ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ हे दोन संदेश मराठीत सांगायचे तर दोन्हींचा अर्थ “परवानगी नाही” असाच होतो, आणि गोंधळाचं मूळ बहुतेक तेच आहे. कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लेखी मात्र ते दोन वेगळे एरर आहेत. पहिल्याचा नंबर १३, दुसऱ्याचा १. तेरा नंबर आला की समजायचं, परमिशनचे बिट तपासले आणि तुम्ही त्यात बसत नाही. एक नंबर म्हणतो, हे कामच करता येणार नाही. बिट काय आहेत हा प्रश्न आलाच नाही.

अर्थात एक नंबर दुसऱ्या कारणांनीही येतो. साध्या यूझरने दुसऱ्याच्या फाइलवर सीएचमॉड चालवलं तरी ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’च दिसतं, कारण सीएचमॉडचा अधिकार मालकाला किंवा रूटला. म्हणून हा संदेश *रूटला* दिसला तरच तो जोरदार पुरावा धरायचा. आणखी एक खोच: जुन्या कर्नलवर कुलूपबंद फाइल लिहायला उघडली की तेरा नंबर यायचा, एक नाही. जुनाट सर्व्हर असेल तर संदेशावर विसंबू नका, फाइलचे अ‍ॅट्रिब्यूट, म्हणजे फाइलवरच मारलेले शेरे, दाखवणारी पुढची कमांड सरळ चालवा.

एलएसअ‍ॅटर /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

मी फोनवर म्हटलं, काय दिसतंय ते जसंच्या तसं वाच. तो वाचायला लागला, “चार रेघा... मग आय... मग पुष्कळ रेघा, मधे एक ई, परत रेघा.”

तो आय म्हणजे इम्यूटेबल. फाइल बदलता येणार नाही, पुसता येणार नाही, नाव बदलता येणार नाही, तिची हार्ड लिंक (त्याच फाइलला दुसरं नाव) करता येणार नाही. परमिशन, मालक, तारीख यांनाही हात लावता येणार नाही. ई बघून घाबरू नका. ती फाइल एक्स्टेंट पद्धतीने डिस्कवर ठेवली आहे एवढाच त्याचा अर्थ, ईएक्सटी४ वर जवळपास प्रत्येक फाइलला तो असतो. मी एकदा एकाला दोन तास ई काढायच्या मागे लागलेलं पाहिलंय.

कुलूप काढायचं ते असं:

सीएचअ‍ॅटर -आय /ईटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ

वजा म्हणजे काढणं, अधिक म्हणजे लावणं, सीएचमॉडसारखंच. मुलाने कमांड मारली, दोन ओळी बदलल्या, मेल धडाधड सुटले. “दादा, थँक्यू.” फोन ठेवला. गोष्ट इथे संपली असती तर ही पोस्ट लिहायची गरज नव्हती, पण दुसऱ्या दिवशी काय झालं ते सांगण्याआधी हे कुलूप आहे तरी काय ते बघू.

नाव तुमचं, पण जमीन वर्ग दोनची

परमिशन एकच प्रश्न विचारते: तू कोण? मालक आहेस का, ग्रुपमधला आहेस का, की परका? मालक असशील तर मालकाचेच तीन बिट लागू, पुढचे बघायचेच नाहीत. (म्हणून मालकाला शून्य आणि ग्रुपला वाचायची मुभा अशी विचित्र फाइल केली तर ग्रुपवाले वाचतात आणि मालक बाहेर उभा राहतो. करून बघा, मजा येते.) आणि “तू कोण”चं उत्तर “रूट” असेल तर वाचण्यालिहिण्यासाठी बिटांकडे दुर्लक्षच केलं जातं. त्यामुळे वर्षानुवर्षं लिनक्स वापरणाऱ्याच्याही डोक्यात एक समीकरण पक्कं बसतं, रूट म्हणजे सर्वाधिकारी.

अ‍ॅट्रिब्यूट तू कोण हे विचारतच नाही. तो फाइलबद्दल केलेला शेरा आहे. आणि लिनक्स कर्नलमध्ये लिहिण्याची मागणी आली की इम्यूटेबलची तपासणी परमिशनच्या *आधी* होते. रूटला जी सूट मिळते ती परमिशनच्या टेबलावर. फाइल त्या टेबलापर्यंत पोचण्याआधीच परत पाठवली जाते.

सातबारा ज्याने वाचलाय त्याला हे एका वाक्यात कळेल. उताऱ्यावर मालक म्हणून तुमचंच नाव आहे, पण जमीन भोगवटादार वर्ग दोनची. परस्पर विकायला गेलात तर नाव तुमचं असून उपयोग नाही, आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणा. रूट इथे ती अट उठवू शकणारा माणूस आहे. पण अट कायम ठेवून खरेदीखत मात्र त्यालाही करता येत नाही. आधी सीएचअ‍ॅटर -आय, मग काय ते.

परमिशनची व्यवस्था युनिक्सइतकीच जुनी. १९७१च्या पहिल्या आवृत्तीत मालक आणि इतर असे दोनच वर्ग होते, ग्रुप नंतर आला. अ‍ॅट्रिब्यूटचं प्रकरण बरंच पुढचं. लिनक्समध्ये ते ईएक्सटी२ फाइल सिस्टिमबरोबर १९९३ साली आलं. सीएचअ‍ॅटर आणि एलएसअ‍ॅटर ही दोन्ही अवजारं ईएक्सटी२च्या कर्त्यांपैकी एक असलेल्या रेमी कार यांची. बीएसडीकडे ४.४ आवृत्तीत हीच कल्पना फाइल फ्लॅग म्हणून आली. म्हणजे परमिशन हा सगळ्या युनिक्सांचा समान वारसा, तर अ‍ॅट्रिब्यूट ही प्रत्येक घराण्याची वेगळी रीत. त्यामुळेच एलएस -एल बिचारं अ‍ॅट्रिब्यूटबद्दल अवाक्षर काढत नाही, आणि आपण ज्या एका कमांडवर आंधळा विश्वास टाकतो ती नेमकी इथे मुकी असते.

रीस्टार्टने फरक का पडत नाही हेही आता लक्षात येईल. शेरा मेमरीत नाही, डिस्कवरच्या आयनोडमध्ये, म्हणजे फाइलच्या माहितीच्या नोंदीत, लिहिलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी

साडेनऊला फोन. “दादा, परत तेच. जुने डीएनएस आलेत, आणि परत आय लागलाय.”

इथे बहुतेक जण एक चूक करतात. रोज सकाळी येऊन सीएचअ‍ॅटर -आय चालवतात, किंवा त्याचीच स्क्रिप्ट करून क्रॉनला (ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सोयीला) लावतात. म्हणजे एक भूत रात्री कुलूप लावणार आणि दुसरं सकाळी काढणार. अ‍ॅट्रिब्यूट आपोआप लागत नाही. डिस्कवरच्या अशा साध्या फाइलवर कर्नल स्वतःहून आय लावत नाही. तो कुणीतरी, म्हणजे कुठल्यातरी प्रोग्रॅमने, रूटच्या अधिकाराने लावलेला असतो. त्याला शोधा.

पहिला प्रयत्न सोपा: ईटीसी, व्हारमधलं क्रॉनचं स्पूल आणि यूएसआर-लोकल यांच्यात ‘सीएचअ‍ॅटर’ हा शब्द ग्रेप -आर ने शोधणं. मुलाने शोधला, काही सापडलं नाही. म्हणाला, क्रॉन रिकामा आहे.

मग ऑडिट, म्हणजे मशीनवर कुणी काय केलं याची नोंद ठेवणारी लिनक्सची सोय. इथे मीही पूर्वी एकदा फसलोय, म्हणून सांगतो. ऑडिटमध्ये फाइलवर पाळत ठेवताना ‘-पी ए’ असा पर्याय असतो आणि तो ‘ए’ अ‍ॅट्रिब्यूटचा आहे. वाचून वाटतं, झालं काम! पण तो ए म्हणजे सीएचमॉड, सीएचओन आणि त्यांची भावंडं. सीएचअ‍ॅटर आपलं काम आयऑक्टल नावाच्या वेगळ्याच वाटेने करतं, ते या जाळ्यात येत नाही. म्हणून पाळत फाइलवर ठेवण्याऐवजी हत्यारावर ठेवायची, सीएचअ‍ॅटर कधी आणि कुणी चालवलं त्यावर:

ऑडिटसीटीएल -डब्ल्यू /यूएसआर/बिन/सीएचअ‍ॅटर -पी एक्स -के कुलूप

दुसऱ्या दिवशी:

ऑसर्च -के कुलूप -आय

सव्वासहाची नोंद. एकाच सेकंदात सीएचअ‍ॅटर दोनदा चाललेलं, पहिल्यांदा वजा आय, दुसऱ्यांदा अधिक आय. म्हणजे कुलूप काढलं, मधे फाइल बदलली, पुन्हा लावलं. लॉगिन कुणाचं या रकान्यात ‘अनसेट’, म्हणजे कुणी माणूस टर्मिनलवर बसून हे करत नव्हता. आणि वेळ रोज तीच. क्रॉन रिकामा असेल तर वेळेवर काम करणारा दुसरा कोण? सिस्टिमडीचे, म्हणजे मशीनवरच्या सेवा चालवणाऱ्या प्रोग्रॅमचे, टाइमर.

सिस्टिमसीटीएल लिस्ट-टाइमर्स

तिथे सव्वासहाच्या रांगेत ‘नेट-फिक्स’ नावाचा टाइमर बसला होता. तो चालवत होता ती स्क्रिप्ट ऑप्ट फोल्डरात, आपण ग्रेप केलं त्या तिन्ही जागांच्या बाहेर. आधीच्या माणसाने लिहिलेली, चार ओळींची. त्याचाही दोष म्हणवत नाही. नेटवर्कमॅनेजर (नेटवर्कची जोडणी सांभाळणारा प्रोग्रॅम) प्रत्येक जोडणीच्या वेळी रिझॉल्व्ह-कॉन्फ स्वतःच्या मनाप्रमाणे लिहायचा, याला ते नको होतं, म्हणून याने फाइलच गोठवली. वर शंका नको म्हणून रोज मूळ प्रत आणून टाकायची सोय केली. दार वाऱ्याने आपटतं म्हणून चौकटीला खिळा ठोकायचा, तसा प्रकार. खिळा पक्का बसतो, पण नंतर येणाऱ्याला तो दिसत नाही.

पक्का उपाय नेटवर्कमॅनेजरमध्येच होता. त्याची एनएमसीएलआय ही कमांड वापरून त्या जोडणीवर डीएनएसचे पत्ते हाताने घाला आणि ‘इग्नोर-ऑटो-डीएनएस’ला येस करा; किंवा त्याने या फाइलला हातच लावू नये असं वाटत असेल तर त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये मेन विभागात ‘डीएनएस=नन’. टाइमर बंद केला, आय काढला, पत्ते घातले. त्या सर्व्हरवर आज ती फाइल साध्या ६४४ वर आहे आणि शांत आहे.

जाता जाता: तुमच्या मशीनवर रिझॉल्व्ह-कॉन्फ ही खरी फाइल नसून सिम्लिंक असेल, हल्ली बऱ्याच ठिकाणी ती रन फोल्डरातल्या फाइलकडे बोट दाखवते, तर एलएसअ‍ॅटर आणि सीएचअ‍ॅटर दोन्ही ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ म्हणतील. सिम्लिंकला हे अ‍ॅट्रिब्यूट लागत नाहीत. आधी रीडलिंक -एफ करून खरी फाइल कुठे आहे ते बघा.

आय दिसत नाही, तरी फाइल जात नाही

असंही होतं, आणि इथे लोक जास्त चक्रावतात. फाइल पुसणं म्हणजे तांत्रिकदृष्ट्या फाइलमध्ये काही लिहिणं नाही. ज्या डिरेक्टरीत तिचं नाव आहे त्या डिरेक्टरीतली नोंद खोडणं आहे. म्हणून ४४४ परमिशनची, म्हणजे कुणालाच लिहिता न येणारी फाइल डिरेक्टरीचा मालक आरामात उडवतो. उलट स्वतःच्या मालकीची ७७७ फाइल दुसऱ्याच्या डिरेक्टरीत असेल तर पुसता येत नाही. टेम्प डिरेक्टरीत सगळ्यांना लिहिता येतं, पण तिच्या १७७७ मधला सुरुवातीचा १, म्हणजे स्टिकी बिट, सांगतो की ज्याची फाइल त्यानेच पुसायची.

अ‍ॅट्रिब्यूटचंही तसंच. फाइल स्वच्छ दिसली तर डिरेक्टरी तपासा. एलएसअ‍ॅटर नुसतं चालवलं तर ते डिरेक्टरीच्या आतल्या फाइली दाखवतं, डिरेक्टरी स्वतः नाही. त्यासाठी -डी हवं. डिरेक्टरीवर आय असेल तर आत नवी फाइल होत नाही, जुनी जात नाही, पण असलेल्या फाइलींचा *मजकूर* बदलता येतो. त्यातून गमतीदार तक्रारी येतात. “नॅनोने फाइल सेव्ह होते, पण सेड -आय ने होत नाही.” बरोबर आहे. नॅनो त्याच फाइलमध्ये लिहितो. सेड -आय (मजकूर परस्पर बदलणारी कमांड, हा आय वेगळा) त्याच डिरेक्टरीत एक तात्पुरती फाइल तयार करून नंतर तिचं नाव बदलतो, आणि तयार करायलाच बंदी आहे. डोकं खाजवत बसायचं.

वाटेतल्या कुठल्या डिरेक्टरीवर गाडी अडतेय ते बघायला नेमआय -एल फार कामाचं आहे. सबंध पाथ पायरी पायरीने, प्रत्येकाच्या परमिशनसकट समोर येतो. अ‍ॅट्रिब्यूट मात्र तेही दाखवत नाही.

आयचा धाकटा भाऊ

ए म्हणजे अपेंड-ओन्ली. फाइलच्या शेवटी भर घालता येते, आधीचं पुसता किंवा बदलता येत नाही. लॉगसाठी छान कल्पना, आणि म्हणूनच सुरक्षेच्या उत्साहात लोक लॉगवर ती लावतात. मग काय होतं? लॉगरोटेट (जुने लॉग बाजूला करणारा प्रोग्रॅम) रात्री येतो, जुन्या लॉगचं नाव बदलायला जातो, आणि ए असलेल्या फाइलचं नाव बदलता येत नाही. लॉग वाढत राहतो. काही महिन्यांनी डिस्क भरते, डेटाबेस बसतो, आणि चौकशी डेटाबेसपासून सुरू होते! “डिस्क वारंवार भरते, लॉग फिरत नाही” अशी तक्रार असेल तर व्हार-लॉगमध्ये एलएसअ‍ॅटर मारून ए आहे का बघा. ठेवायचाच असेल तर लॉगरोटेटच्या प्रीरोटेटमध्ये काढा, पोस्टरोटेटमध्ये लावा.

पॅकेज अपडेट अडकण्याचंही हेच कारण असू शकतं. डेबियन-उबुंटूवर डीपीकेजी हा पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम नवी आवृत्ती टाकण्याआधी जुन्या फाइलची हार्ड लिंक करून ठेवतो. फाइलवर आय असेल तर ‘अनेबल टू मेक बॅकअप लिंक’ असं म्हणून तो थांबतो, शेवटी तेच आपले ओळखीचे तीन शब्द. अशा वेळी पॅकेज सिस्टिमशी झटापट करू नका, तिने नाव घेतलेल्या फाइलवर एलएसअ‍ॅटर चालवा.

कंटेनरमध्ये (मशीनच्या आत वेगळ्या ठेवलेल्या कप्प्यात) असाल तर वेगळीच अडचण. एलएसअ‍ॅटर आय दाखवतं, तुम्ही रूट आहात, आणि सीएचअ‍ॅटर -आय च म्हणतं ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’. आय आणि ए लावायला-काढायला ‘कॅप-लिनक्स-इम्यूटेबल’ ही स्वतंत्र कपॅबिलिटी, म्हणजे रूटच्या अधिकारांचा एक तुकडा, लागते, आणि डॉकर कंटेनरला जी डिफॉल्ट यादी देतो तिच्यात ती नाही. आतला रूट हा अर्धाच रूट आहे. बाहेर होस्टवर या, तिथून त्या व्हॉल्यूममधल्या फाइलचं कुलूप काढा. या एका कामासाठी कंटेनर प्रिव्हिलेज्ड करून (सगळे अधिकार देऊन) चालवणं म्हणजे घराची किल्ली हरवली म्हणून भिंत पाडणं.

ते आय नसेल तर

रूटला एक नाही, *तेरा* नंबर येत असेल तर संशयित वेगळे. एनएफएसवरची, म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनची, डिरेक्टरी असेल तर सर्व्हरकडून रूट-स्क्वॉश लागू असतो. तिकडे तुमचा रूट ‘नोबडी’ बनतो. एसईलिनक्स (लेबलांवर चालणारी जादा सुरक्षा) चालू असलेल्या मशीनवर लेबल चुकलेलं असू शकतं. एलएस -झेड ने बघा, रिस्टोरकॉनने सुधारा. तीस नंबर, ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’, आला तर आधी डीमेसेज (कर्नलचे संदेश) वाचा, डिस्कवर एरर आल्यामुळे कर्नलने फाइल सिस्टिम स्वतःच वाचण्यापुरती करून ठेवलेली असू शकते. तिथे अ‍ॅट्रिब्यूट शोधत बसाल तर डिस्क हातची जाईल.

एलएस -एल च्या परमिशनशेवटी एखादं बारीक चिन्ह आहे का तेही बघत चला. अधिकचं चिन्ह असेल तर एसीएल, म्हणजे यूझरवार परवानग्यांची जादा यादी, लावलेलं आहे, गेटएफएसीएलने वाचा. आणि एसीएल असलेल्या फाइलवर सीएचमॉडने ग्रुपचे बिट बदलले की ग्रुपचे नाही, एसीएलचा मास्क, म्हणजे त्या परवानग्यांची कमाल मर्यादा, बदलतो. “७७० दिलं तरी ग्रुपला जमत नाही” याचा उलगडा कित्येकदा तिथे असतो. हे एसीएल, एसईलिनक्सचं लेबल, प्रोग्रॅमला दिलेल्या कपॅबिलिटी, हे सगळं साठवलं जातं एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूटमध्ये. नावात अ‍ॅट्रिब्यूट आहे, पण ते एलएसअ‍ॅटरला दिसत नाहीत, गेटएफअ‍ॅटर लागतं. नावं ठेवणाऱ्यांनी (दोन्ही अर्थांनी) इथे जरा दया दाखवायला हवी होती.

मॅकओएसवर सीएचअ‍ॅटर नाहीच, तिथे बीएसडीचं सीएचफ्लॅग्ज. एलएस -एल मध्ये मोठा ओ घालून बघा. ‘यूसीएचजी’ दिसलं तर ते फाइंडरच्या गेट इन्फोमधलं ‘लॉक्ड’ आहे, मालक स्वतः ‘सीएचफ्लॅग्ज नोयूसीएचजी’ने काढू शकतो, रूट लागत नाही. ‘रिस्ट्रिक्टेड’ दिसलं तर हात काढून घ्या, ते २०१५च्या एल कॅपिटनपासून आलेलं सिस्टिमचं संरक्षण आहे. फ्रीबीएसडीवर तर सिक्युअर लेव्हल १ किंवा वर असेल तर ‘एससीएचजी’ (आयचंच तिथलं रूप) रूटलाही काढता येत नाही. अट उठवणाऱ्या साहेबाचीच सही गोठवलेली.

विंडोजकडून आलेल्यांची गल्लत मला समजते. पेनड्राइव्हवर शॉर्टकट व्हायरसचा सुकाळ होता त्या काळात कॉलेजच्या लॅबमध्ये आणि झेरॉक्सच्या दुकानात प्रत्येकाला एक मंत्र पाठ होता: अ‍ॅट्रिब वजा एच वजा आर वजा एस. तिथे रीड-ओन्ली, हिडन, सिस्टिम हे फॅट फाइल सिस्टिममधले अ‍ॅट्रिब्यूट, आणि मुळात परमिशन ही कल्पनाच त्या फाइल सिस्टिमला माहीत नाही. त्यामुळे ‘अ‍ॅट्रिब्यूट’ म्हणजे किरकोळ टिकमार्क, कुणीही काढावा, अशी सवय लागली. तो पेनड्राइव्ह लिनक्सला लावला तर उलट गंमत: सीएचओन नाकारलं जातं आणि एलएसअ‍ॅटर ‘इनअ‍ॅप्रोप्रिएट आयऑक्टल’ म्हणतं. तिथे परमिशन येतात त्या माउंट करतानाच्या पर्यायांतून. बदलायच्या तर अनमाउंट करा आणि यूआयडी, यूमास्क देऊन पुन्हा माउंट करा.

आणि एक वाईट शक्यता

कुलूप कुणी लावलं ते शोधताना आपल्याकडच्या कुणाचीच स्क्रिप्ट सापडली नाही, आणि आय लागलाय तो रूटच्या क्रॉनटॅबवर किंवा एसएसएचच्या ऑथराइज्ड-कीज फाइलवर (दुरून लॉगिन करू देणाऱ्या किल्ल्यांची यादी), तर दृष्टी बदला. क्रिप्टो मायनिंगवाले मालवेअर हेच करतात. आपली नोंद क्रॉनमध्ये टाकायची, आपली किल्ली ऑथराइज्ड-कीजमध्ये घालायची, वर आय लावायचा, म्हणजे भोळा अ‍ॅडमिन आरएम करून थकतो. काही तर जाताना सीएचअ‍ॅटरचा प्रोग्रॅमच उडवतात किंवा त्याचं नाव बदलतात. ‘कमांड नॉट फाउंड’ आलं तर ही शंका पहिली घ्या. ते अवजार ई२एफएसप्रॉग्ज पॅकेजमधलं आहे, आणि ते पॅकेज मशीनवर असताना सीएचअ‍ॅटर गायब असेल तर कुणीतरी ते मुद्दाम नाहीसं केलंय.

अशा मशीनवर आय काढून, क्रॉनची ओळ पुसून काम झालं असं समजू नका. ज्याने रूट मिळवून एक कुलूप लावलं त्याने आणखी कुठे काय ठेवलंय याचा पत्ता तुम्हाला लागणार नाही. आधी नेटवर्कची वायर काढा. डेटा बाहेर काढा, प्रोग्रॅम नाही. मशीन नव्याने उभं करा, आणि त्या सर्व्हरवरून ज्या ज्या ठिकाणी लॉगिन होत होतं तिथल्या किल्ल्या आणि पासवर्ड त्याच दिवशी बदला.